पुठ्ठ्याच्या एका खोक्यासाठी कोर्टाची पायरी चढले

२०२३ च्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कौन्सिलचं, म्हणजे इथल्या लंडनच्या नगरपालिकेचं, एक पत्र आलं. मला वाटलं कौन्सिल टॅक्सचं काहीतरी असेल, म्हणून दोन दिवस ते तसंच फ्रीजवर पडून होतं. उघडलं तर वर मोठ्या अक्षरात फिक्स्ड पेनल्टी नोटीस, खाली माझं नाव-पत्ता, आणि १६ नोव्हेंबरला सकाळी ७:४० च्या सुमारास तुम्ही तुमच्या इमारतीमागच्या गल्लीत कचरा टाकलात, ३०० पौंड भरा, दहा दिवसांत भरलेत तर २००, नाही भरलेत तर कोर्टात खटला आणि २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. सोबत एक फोटो. भिंतीला टेकून उभं असलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आणि त्यावरच्या लेबलवर माझं नाव अगदी स्वच्छ वाचता येतंय.

खोकं माझंच होतं, ते आधीच सांगून टाकते. थंडी सुरू झाली म्हणून एक छोटा हीटर मागवला होता त्याचं. पण ते मी गल्लीत टाकलं नव्हतं, रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं होतं, आणि ते मला तारखेसकट आठवत होतं कारण त्या दिवशी पाडवा होता. मंगळवार, १४ नोव्हेंबर. संध्याकाळी ओवाळायच्या आधी घर आवरताना ते खोकं दारामागे अडगळ करत होतं म्हणून मी ते मोडून चपटं केलं, खाली गेले, डब्यात उभं सरकवलं, झाकण लावलं आणि वर येऊन हात धुऊन निरांजन लावलं. बुधवारी सकाळी कचऱ्याची गाडी येते, त्यामुळे मंगळवारी रात्री डबा बऱ्यापैकी भरलेला असतोच, पण जागा होती.

आम्ही लंडनच्या पश्चिम भागात राहतो, खाली दुकानं आणि वर सहा फ्लॅट. मागच्या गल्लीत सगळ्यांचा मिळून चाकांचा एक मोठा डबा रिसायकलिंगचा आणि एक साध्या कचऱ्याचा. आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये एक गुजराती बा राहतात, १९७२ मध्ये युगांडातून सगळं सोडून आलेल्या कुटुंबातल्या, आता सत्तरी ओलांडलेल्या. त्याच आठवड्यात त्यांनाही असंच पत्र आलं. त्यांच्या फोटोत केमिस्टची कागदी पिशवी होती, नावाचं लेबल लावलेली. मी त्यांच्याकडे पत्र दाखवायला गेले तर त्या रडवेल्या झालेल्या, मुलगा बर्मिंगहॅमला, त्याने फोनवरच सांगितलं की बा तू टेन्शन घेऊ नकोस मी भरतो, आणि त्याच रात्री कार्डाने २०० पौंड भरून मोकळा झाला.

आमच्या घरीही तेच चाललं होतं. आई व्हिडिओ कॉलवर सांगलीहून म्हणाली, भरून टाक बाई, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही, आणि तेही परक्या देशात. नवरा म्हणाला २०० पौंड म्हणजे आपला आठवड्याचा किराणा आणि वर थोडे, जाऊ दे. तो चिडला नव्हता, घाबरला होता, आणि त्याचं कारणही खरं होतं. आम्ही तेव्हा इथे व्हिसावर होतो, २०२५ मध्ये आयएलआरचा अर्ज करायचा होता, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, आणि त्या फॉर्मवर कोर्टात झालेली शिक्षा सांगावी लागते, मग ती नुसत्या दंडाची का असेना.

मी मात्र ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत होते. तुम्ही कचरा टाकलात. टाकलात. कोणी बघितलं? कोणी विचारलं? आमचं दार त्या डब्यापासून वीस पावलांवर आहे, एकदा बेल वाजवली असती तर मी खाली येऊन खोकं उचललं असतं आणि काय झालं तेही सांगितलं असतं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांचा यात गोंधळ होतो, माझाही झाला होता. पार्किंगचा दंड येतो ती पेनल्टी चार्ज नोटीस, तिच्याविरुद्ध कौन्सिलकडे तक्रार करता येते आणि ती फेटाळली तर स्वतंत्र ट्रिब्युनलकडे फुकट अपील करता येतं. पण कचरा, थुंकणं वगैरेसाठी जी फिक्स्ड पेनल्टी नोटीस येते ती वेगळी. ती म्हणजे खरं तर शिक्षा नाहीच. कौन्सिल म्हणतं की आम्हाला वाटतं तुम्ही गुन्हा केलाय, हे पैसे भरलेत तर आम्ही खटला करणार नाही. बस. ती एक ऑफर आहे. तिच्यावर कायद्याने अपील नाही. नाकारायची असेल तर एकच रस्ता, पैसे भरायचे नाहीत आणि कौन्सिलला कोर्टात जाऊ द्यायचं. आणि तिथे गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी कौन्सिलची, तुमची नाही. पत्र मात्र असं लिहिलेलं असतं की वाचणाऱ्याला वाटावं निकाल लागून गेलाय. बांना तसंच वाटलं.

मी कौन्सिलला ईमेल केला. सगळं लिहिलं, पाडवा काय असतो इथपासून. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, तुमचं म्हणणं विचारात घेतलं आहे, नोटीस कायम आहे. माझ्या एकाही वाक्याचा त्यात उल्लेख नव्हता. मग जानेवारीत एक रिमाइंडर, सवलत संपली, आता पूर्ण ३००. मी पुन्हा लिहिलं की मी हा गुन्हा केलेला नाही, पैसे भरणार नाही, तुमच्याकडचा सगळा पुरावा मला पाठवा. त्यावर काहीच नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, आम्हाला वाटलं सोडून दिलं असेल. तसं समजू नये. कचरा टाकल्याच्या गुन्ह्यासाठी कौन्सिलला सहा महिन्यांच्या आत कोर्टाकडे जावं लागतं, आणि ते पाचव्या महिन्यात गेले. एप्रिलमध्ये जाड पाकीट आलं, मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं नाव आणि समोर गुन्ह्याचं कलम, पर्यावरण संरक्षण कायदा १९९०, कलम ८७. आमच्या घरात आजवर कोणाच्या नावावर असा कागद आलेला नाही. सांगलीला नानांनी नगरपालिकेशी घरपट्टीवरून भांडणं केली असतील पण ती खिडकीपाशी उभं राहून, पावती हातात घेऊन. हे वेगळंच होतं.

दुसऱ्या दिवशी सिटिझन्स ॲडव्हाइसला गेले, ही फुकट सल्ला देणारी संस्था. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या ज्या मला कुठेच एका ठिकाणी वाचायला मिळाल्या नव्हत्या. एक म्हणजे या गुन्ह्याला तुरुंगाची शिक्षा नाही, त्यामुळे कोर्टातला फुकटचा वकील, ड्यूटी सॉलिसिटर, तुम्हाला मिळेलच असं धरू नका, स्वतः उभं राहायची तयारी ठेवा. दुसरी, हरलात तर ३०० वर थांबणार नाही. दंड तुमच्या आठवड्याच्या कमाईच्या हिशोबाने ठरतो, त्यावर दंडाच्या ४० टक्के सरचार्ज, त्यावर कौन्सिलच्या वकिलाचा खर्च. म्हणजे हजाराच्या घरात जाऊ शकतं. आणि व्हिसाचं खरंच गंभीर आहे, ते हलक्यात घेऊ नका. मग त्यांनी विचारलं, तुम्ही ते खोकं खरंच डब्यात टाकलं होतं ना? मी हो म्हटलं. तर म्हणाल्या, मग काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे.

मी त्या दिवसापासून कायदा वाचायला बसले. इंग्लंडचे बहुतेक सगळे कायदे सरकारी वेबसाइटवर फुकट वाचता येतात. कलम ८७ तसं छोटं आहे. माणसाने कचरा टाकला, पाडला किंवा कुठल्याही रीतीने ठेवला आणि तिथे सोडला तर गुन्हा. म्हणजे कोणीतरी ते करायला हवं, आणि ते कोणी केलं ते सिद्ध व्हायला हवं. लेबलवर नाव असणं म्हणजे खोकं कोणाचं ते कळतं. गल्लीत कोणी ठेवलं ते कळत नाही. हा फरक मला समजला त्या रात्री मी पहिल्यांदा नीट जेवले.

अजून एक वाचलं ते मनात राहिलं. घरच्या कचऱ्याच्या डब्याबाबत चूक झाली, चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला, बाजूला पिशवी ठेवली वगैरे, तर त्यासाठी याच कायद्यात वेगळी कलमं आहेत, त्यात आधी लेखी ताकीद द्यावी लागते आणि दंड ६० ते ८० पौंड, गुन्हा म्हणून नोंदच नाही. उलट कलम ८७ च्या नोटिशीची कमाल मर्यादा सरकारने २०२३ च्या जुलैमध्ये १५० वरून ५०० पौंड केली. आमच्या कौन्सिलने कुठली वाट धरली ते पत्रावरच्या आकड्यावरून दिसतंच. त्या नोटिसा देणारे लोकही कौन्सिलचे नोकर नव्हते, ठेका घेतलेल्या कंपनीचे होते. सरकारच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की असे दंड कमाईचं साधन म्हणून वापरू नयेत. मला याचा अजूनही राग येतो, माझ्यापेक्षा जास्त बांसाठी येतो.

समन्ससोबत कौन्सिलचे कागद होते, अधिकाऱ्याचं दीड पानी स्टेटमेंट आणि तोच फोटो, पण यावेळी मोठा, रंगीत. मी तो फोटो किती वेळा बघितला असेल याला गणती नाही. खोकं, त्याच्या डावीकडे भिंतीवरून खाली येणारा पावसाच्या पाण्याचा पाइप, पाइपच्या तळाशी हिरव्या शेवाळाचा डाग. उजवीकडे डब्याची कड, झाकण अर्धवट उघडं. झाकण उघडं म्हणजे डबा भरलेला, गुरुवारी सकाळी. पण गाडी तर बुधवारी येते, मग गुरुवारी डबा रिकामा असायला हवा ना?

तेव्हा आठवलं. त्या बुधवारी, भाऊबीजेला, गाडी आलीच नव्हती. संध्याकाळी नवऱ्याने कौन्सिलच्या ॲपवर तक्रार टाकली होती कारण गल्लीत वास यायला लागला होता. मी त्याला ऑफिसमधून फोन केला, तो मीटिंगमध्ये, मी म्हटलं मीटिंग सोड आणि ईमेल शोध. सापडला. १५ नोव्हेंबर, रात्री ८:१२, कलेक्शन चुकल्याची तुमची तक्रार मिळाली, हा तुमचा रेफरन्स नंबर. आणि ॲपवर तक्रार करताना त्याने एक फोटो काढून जोडला होता, तो त्याच्या फोनमध्ये अजून होता.

रात्री दोन्ही फोटो लॅपटॉपवर शेजारी-शेजारी लावले. त्याच्या फोटोत डबा ओसंडून वाहतोय, झाकण उघडं, पुढे दोन काळ्या पिशव्या पडल्यात. आणि डावीकडे तोच पाइप, तोच शेवाळाचा डाग. पाइपच्या शेजारची भिंत रिकामी. तिथे खोकं नाही. मी आणि नवरा दोघंही काही वेळ काही बोललोच नाही. बुधवारी रात्री आठला तिथे खोकं नव्हतं, गुरुवारी सकाळी सात चाळीसला होतं, म्हणजे मधल्या वेळात ते डब्यातून बाहेर आलं. कोणी जागा करायला काढलं, पुठ्ठा हवा म्हणून काढून परत ठेवलं, वाऱ्याने पडलं, मला नाही माहीत, आणि मला ते माहीत असायची गरजही नव्हती.

हे दोन्ही फोटो आणि ईमेल मी कौन्सिलच्या लीगल विभागाला पाठवले, अगदी नम्र भाषेत, की आता तरी खटला मागे घ्या. उत्तर आलं की प्रकरण कोर्टात आहे, तिथे मांडा.

मे महिन्यात पहिली तारीख. आत जाताना एअरपोर्टसारखं चेकिंग, पाण्याची बाटली होती तर तिथल्या माणसाने एक घोट पिऊन दाखवायला लावला. काळा गाऊन घातलेल्या अशरबाईंनी, म्हणजे कोर्टातली व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी, यादीत नाव बघून बसायला सांगितलं. बाहेर बसलेले बहुतेक सगळे माझ्यासारखेच, कौन्सिलच्या केसेस त्या दिवशी एकत्र लावल्या होत्या. एक सोमाली आजोबा, एक रोमानियन मुलगा सुतारकामाच्या कपड्यात, एक कॉलेजची मुलगी सिगरेटचं थोटूक टाकल्याच्या नोटिशीवरून आलेली. माझ्या आधी ज्यांची नावं पुकारली गेली ते जवळजवळ सगळे पाच-सात मिनिटांत गुन्हा कबूल करून बाहेर येत होते. कबूल केलं की दंडात एक तृतीयांश सूट मिळते, ते तिथे सगळ्यांना सांगतात. मलाही कौन्सिलच्या वकिलाने बाहेर बाकावर येऊन सांगितलं, आवाज गोड होता. मी म्हटलं, थँक यू, पण मी हे केलेलं नाही.

आतलं कोर्ट टीव्हीवर दिसतं तसं नाही. विग नाही, गाऊन नाही. समोर उंचावर तीन मॅजिस्ट्रेट, साध्या कपड्यात. हे लोक पगारी जज नसतात, गावातलेच, वेळ देणारे स्वयंसेवक, कायद्याची डिग्री असायलाच हवी असं नाही. त्यांच्या पुढे बसतो तो लीगल ॲडव्हायझर, तो कायद्याचा जाणकार, त्यांना कायदा तो सांगतो. मधल्या बाई बोलतात, बाकीचे दोघं लिहीत राहतात. मला नाव, जन्मतारीख, पत्ता विचारला, आरोप वाचून दाखवला, गिल्टी की नॉट गिल्टी. माझा आवाज इतका बारीक निघाला की परत सांगावं लागलं.

मग एक फॉर्म, वाद नेमका कशावर आहे, साक्षीदार कोण, किती वेळ लागेल. आणि इथे ती गोष्ट आली जी मी आता भेटेल त्याला सांगते. अधिकाऱ्याचं जे लेखी स्टेटमेंट येतं त्याला सेक्शन नाइन स्टेटमेंट म्हणतात. तुम्ही दिलेल्या मुदतीत लिहून हरकत घेतली नाहीत तर ते कोर्टात नुसतं वाचून दाखवतात आणि तो माणूस यायचीच गरज नसते. मग प्रश्न कोणाला विचारणार? मी हरकत आधीच ईमेलने घेतली होती, कोर्टाला आणि कौन्सिलला दोघांना, आणि त्या दिवशी उभी राहून परत सांगितलं की मला या अधिकाऱ्याला प्रश्न विचारायचे आहेत. तारीख मिळाली १७ ऑक्टोबर. पाच महिने.

ते पाच महिने कसे गेले ते लिहीत बसत नाही. प्रश्नांची यादी केली, खोडली, परत केली. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेलो होतो तिथे ओळखीच्या एका ताईंना सांगितलं, त्या इथे पंचवीस वर्षं आहेत, म्हणाल्या तुझा नवरा साक्षीदार असेल तर त्याला साक्ष होईपर्यंत कोर्टाच्या बाहेर बसवतील, तुझ्याजवळ कोणी नसेल, मी येते. वकील नसलेल्या माणसाला शेजारी एक जण बसवायची परवानगी मागता येते, तो बोलू शकत नाही पण कागद देऊ शकतो, हळूच काही सुचवू शकतो. ताईंनी त्यासाठी ऑफिसची सुट्टी काढली. मी हे विसरणार नाही.

आदल्या रात्री कोजागिरी होती. दूध आटवलं पण मला गेलं नाही.

१७ तारखेला अधिकारी आला होता. पंचविशीतला मुलगा, तोही कुठल्यातरी दुसऱ्या देशातून आलेल्या आईबापांचा असावा, थोडा दमलेला. वकिलाने त्याच्याकडून स्टेटमेंटमधलं सगळं वदवून घेतलं. मग माझी पाळी. पाय थरथरत होते म्हणून मी टेबल धरून उभी राहिले. पहिला प्रश्न, तुम्ही मला ते खोकं ठेवताना पाहिलंत का? नाही. दुसऱ्या कोणाला पाहिलंत का? नाही. तुम्ही माझ्या दारावर आलात का? नाही. फोटोत डब्याचं झाकण उघडं दिसतंय, डबा भरलेला होता का? तो जरा थांबला, म्हणाला हो, भरलेला होता. ते तुम्ही स्टेटमेंटमध्ये लिहिलंय का? नाही. तुम्ही एकच फोटो काढलात का? म्हणाला नाही, चार-पाच काढले. बाकीचे कुठे आहेत? इथे मधल्या मॅजिस्ट्रेट बाईंनी मान वर करून वकिलाकडे बघितलं. वकिलाने कागद चाळले आणि म्हणाला माझ्याकडे एवढाच आहे.

एका ठिकाणी माझं चुकलं. मी प्रश्न विचारायच्या ऐवजी सांगायलाच लागले, की आमच्याकडे पाडवा असतो आणि मी त्या दिवशी, तेव्हा लीगल ॲडव्हायझरने मला थांबवलं पण प्रेमाने, म्हणाला हे सगळं तुम्हाला तुमच्या साक्षीत सांगता येईल, आत्ता फक्त प्रश्न. आणि माझं म्हणणं त्यानेच प्रश्नात बसवून दिलं. वकील नसलेल्या माणसाला अशी मदत करणं हे त्याचं कामच असतं, पण ज्या पद्धतीने केली त्याने मला धीर आला.

मग माझी साक्ष. अशरबाईंनी विचारलं कुठल्या ग्रंथावर शपथ घेणार, त्यांच्याकडे गीता होती, कापडात गुंडाळलेली. माझ्या हाताला घाम आला होता म्हणून मी आधी हात साडीला पुसला, मुद्दाम साडी नेसून गेले होते, आईने सांगितलं होतं. जे झालं ते सांगितलं. वकिलाने उलट विचारलं, खोकं तुमचंच ना? हो. डबा भरत आलाय हे तुम्हाला दिसत होतं ना? हो, पण जागा होती, झाकण लागलं. तुमच्या नवऱ्याच्या फोटोनंतर, रात्री आठनंतर, तुम्हीच ते काढून बाहेर ठेवलं असू शकतं ना? मी म्हटलं, मी माझ्या घरातलं खोकं मोडून, दोन जिने उतरून डब्यात टाकलं, ते परत बाहेर काढायला मी रात्री खाली का जाईन?

नवऱ्याची साक्ष दहा मिनिटांत झाली. दोन्ही फोटो मॅजिस्ट्रेटांच्या हातात गेले आणि मी पाहिलं की डावीकडच्या गृहस्थांनी बोट ठेवून काहीतरी दाखवलं शेजारच्या बाईंना. पाइप दाखवला असेल असं मला वाटलं, मनातल्या मनात गजाननाला हात जोडले.

ते उठून आत गेले. पंचवीस मिनिटं. ताईंनी माझा हात धरून ठेवला होता.

ते परत बाहेर आल्यावर मला उभं राहायला सांगितलं. मधल्या बाईंनी एक कागद वाचला. खोकं आरोपीच्या घरचं होतं यात वाद नाही. पण ते त्या जागी आरोपीने ठेवलं याबद्दल आमची खात्री झालेली नाही. आदल्या रात्रीच्या फोटोत ते तिथे नाही, कलेक्शन चुकल्याचं कौन्सिलच्याच ईमेलवरून दिसतं. वी फाइंड यू नॉट गिल्टी. मग कागदावरून नजर काढून म्हणाल्या, यू आर फ्री टू गो. मला पटकन कळलंच नाही की संपलं, मी तशीच उभी राहिले, ताईंनी हाताला ओढलं.

खर्चाचं सांगायचं तर निर्दोष सुटल्यावर येण्याजाण्याचं भाडं मागता येतं, ते मी मागितलं आणि मिळालं, ट्यूबचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं. बुडालेल्या कामाचे पैसे स्वतः केस लढवणाऱ्याला मिळत नाहीत. माझ्या दोन रजा, नवऱ्याची एक, ताईंची एक. कौन्सिलकडून एका ओळीचंही पत्र आलं नाही.

आणि ज्याच्याकडे पुरावा नाही, जो खरंच टाकून गेलाय, त्याने लढावं असं मी म्हणणार नाही. मुदतीत भरलेलं बरं, कारण हरल्यावरचा आकडा आणि ती नोंद दोन्ही जड आहेत. नवऱ्याच्या फोनमध्ये तो फोटो नसता तर माझं काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करते. कायद्याने पुरावा त्यांनीच द्यायचा असतो, पण समोर बसलेल्या तीन माणसांना काहीतरी डोळ्यांनी दिसावं लागतं.

घरी आल्यावर आईला कॉल केला. सांगलीला रात्रीचे नऊ वाजून गेले होते, ती जागीच होती, देवापाशी दिवा लावून बसलेली. सुटले एवढंच म्हणाले तर ती काही बोलली नाही, फक्त पदराने डोळे पुसताना दिसली, आणि मग म्हणाली, जेवलीस का?

संध्याकाळी बांकडे पेढे घेऊन गेले. त्यांना फार आनंद झाला, दोनदा जवळ घेतलं मला. मग आत जाऊन त्या एक प्लास्टिकची फाइल घेऊन आल्या. त्यात त्यांचं ते पत्र होतं, केमिस्टच्या पिशवीचा फोटो होता आणि २०० पौंडांची पावती. त्यांचाही फोटो १६ नोव्हेंबरचा, सकाळी सात त्रेचाळीसचा. त्याच डब्याजवळचा. बांनी विचारलं, बेटा, तारो फोटो मारा काममां आवे? मी त्यांना सांगितलं की एकदा पैसे भरले की ते प्रकरण तिथेच बंद होतं, ते कोर्टात जातच नाही, त्यामुळे आता काही करता येत नाही. त्या बराच वेळ पावतीकडे बघत राहिल्या, मग ती फाइलमध्ये नीट घालून ठेवली आणि मला चहा टाकायला उठल्या.